नव्वद नंबरचं तेल

नाशिकहून मुंबईला निघालं आणि इगतपुरी सोडलं की कसारा घाट लागतो. नकाशावर याचं नाव थळ घाट. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि त्यातला जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा डोंगराच्या पोटातून आरपार जातो. त्यामुळे टोल भरायची तयारी असलेल्यांसाठी हा घाट आता संपल्यातच जमा आहे. पण जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यावर कांदा, द्राक्षं नाहीतर लोखंड भरून ट्रक नेलेल्या एखाद्या म्हाताऱ्या ड्रायव्हरशी बोलून बघा. तो घाटाची गोष्ट वळणांपासून सुरू करत नाही, गिअरपासून करतो. उतार लागायच्या आधीच, वरच्या सपाटीला गाडी हळू करायची, खालचा गिअर टाकायचा आणि पायथ्याला पोचेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर.

हे नुसतं शहाणपण नाही, त्यामागे एक यंत्र आहे. त्या काळातल्या ट्रकांच्या गिअरबॉक्सला क्रॅश गिअरबॉक्स म्हणायचे, आणि नाव अगदी सार्थ होतं. भर उतारावर गिअर न्यूट्रलला आला की इंजिनाचा अडथळा संपला, भरलेला ट्रक मोकळा सुटला. आता खालचा गिअर टाकायचा तर इंजिनाचे फेरे चाकांच्या वेगाशी जुळायला हवेत. ते जुळेपर्यंत वेग आणखी वाढलेला. मग खर्रर्र असा आवाज, दांडा हाताला झटका देऊन परत, आणि हाताशी उरले फक्त ब्रेक. ते तापले की पाय फळीला टेकला तरी लागत नाहीत. घाटाखाली दरीत पडलेल्या कितीतरी सांगाड्यांची गोष्ट अशीच सुरू झाली असणार.

म्हणून तेव्हाचे ड्रायव्हर 'डबल क्लच' मारायचे. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अॅक्सिलरेटरवर अंदाजाने एक टोला द्या, परत क्लच दाबा, आता गिअर टाका. हे सगळं एका सेकंदात आणि आवाजावरून. आपण आज डाव्या हाताने दांडा ढकलतो, उजव्या हाताने (चूक, पण करतो) मोबाईल बघतो आणि गिअर पडतो. या दोन काळांच्या मधे एक पितळेची रिंग आहे आणि थोडंसं तेल आहे. आजचा लेख त्यांच्याबद्दल.

निमित्त म्हणाल तर ऑफिसमधला एक प्रश्न. डिसेंबर लागला की नाशिकमधल्या गाडीवाल्यांचं एक हमखास गाऱ्हाणं असतं: सकाळी पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये दुसरा गिअर पडत नाही, अडतो, ढकलावा लागतो. मग कोणीतरी सांगतं, "फुल सिंथेटिक गिअर ऑइल टाक, मख्खन होईल." खरं आहे का? थोडं खरं आहे. पण किती खरं आणि का, हे समजायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

१८९१ च्या सुमारास पॅरिसमध्ये पानार आणि लेव्हासोर या कंपनीने गाडीची एक मांडणी बसवली: इंजिन पुढे, मग क्लच, मग गिअरबॉक्स, मग मागची चाकं. पुढची कित्येक दशकं जगभर गाड्या अशाच बनत राहिल्या. त्यांचा गिअरबॉक्स म्हणजे वेगवेगळ्या आकाराची दातेरी चाकं शाफ्टवर सरकवायची आणि फिरत्या दात्यांमध्ये फिरते दाते घुसवायचे. लेव्हासोर स्वतःच या प्रकाराला रानटी म्हणायचा असं सांगतात, 'पण चालतंय ना' अशी पुस्ती जोडून. (प्रॉडक्शनमध्ये चालणाऱ्या कुठल्याही जुन्या कोडबद्दल आपण हेच म्हणतो.) या खटपटीत तेलाचं काम साधं होतं. दाते झिजू नयेत एवढंच. त्यासाठी जितकं घट्ट तितकं चांगलं, हा समज तेव्हापासूनचा.

मग १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. त्यामागचा माणूस अर्ल थॉम्पसन. (हाच पुढे जनरल मोटर्सच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामातही प्रमुख होता. म्हणजे आधी त्याने गिअर टाकणं सोपं केलं आणि नंतर ते कामच काढून टाकलं.) कल्पना अशी: दाते एकमेकांत घुसण्याआधी दोन शंकूच्या आकाराचे पृष्ठभाग एकमेकांवर दाबायचे. एक गिअरचा, दुसरा साधारणपणे पितळेच्या रिंगचा. त्यांच्या घर्षणाने दोघांचे वेग सारखे होतात आणि मग दाते न भांडता बसतात. थोडक्यात, डबल क्लचमध्ये ड्रायव्हरचा कान आणि पाय जे करायचे ते आता एक छोटी रिंग करायला लागली. पुढच्या सुधारणांमध्ये अशी सोय आली की वेग जुळेपर्यंत ती रिंग दांड्याला पुढे जाऊच देत नाही. आपल्याला हाताला जो 'अडतोय' असा जाणवतो, तो बहुतेक वेळा हाच अडथळा असतो. गिअरबॉक्स बिघडलेला नसतो. तो 'थांब जरा' म्हणत असतो.

आपल्याकडे हे सुख हप्त्याहप्त्याने आलं. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या शेवटी ज्या विलीज जीपची जुळणी सुरू केली, तिच्या तीन गिअरपैकी दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो होता, पहिल्याला नव्हता. कुर्ल्यात बनणाऱ्या फियाट ११०० ची, म्हणजे १९७४ नंतरच्या प्रीमियर पद्मिनीची, तीच तऱ्हा. चार गिअर, पहिला बिनसिंक्रोचा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्यांना आठवत असेल, सिग्नलजवळ गाडी रांगत असली तरी टॅक्सीवाला पहिला टाकायचा नाही, दुसऱ्यावरच कुंथत कुंथत गाडी उचलायचा. लोक म्हणायचे पेट्रोल वाचवतोय. तेही असेल, पण चालत्या गाडीत पहिला टाकला तर तो ओरडायचा हेही तितकंच खरं. त्या टॅक्सींपैकी शेवटच्या गाडीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस ती मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्या चारही गिअरना सिंक्रो होता. आपल्या आईवडिलांच्या पिढीला जपानी गाडी 'हलकी' वाटली, त्यात या रिंगांचाही वाटा होता.

आता तेलाकडे.

द्वारका परिसरातल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, गिअरबॉक्समध्ये काय टाकायचं? उत्तर एकच, "नव्वद नंबर." डिफरन्शियलला कधी नव्वद, कधी एकशेचाळीस. हा नंबर म्हणजे अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेची घट्टपणाची मोजपट्टी. गंमत अशी की गिअर ऑइलची पट्टी वेगळी आणि इंजिन ऑइलची वेगळी. ९० नंबरचं गिअर ऑइल १०० अंश सेल्सियसला साधारण तेवढंच घट्ट असतं जेवढं ४० किंवा ५० नंबरचं इंजिन ऑइल. एका पट्टीचे आकडे दुसरीपासून मुद्दाम लांब ठेवले, लोकांची गल्लत होऊ नये म्हणून, आणि गल्लत नेमकी त्यानेच झाली. होंडाने अनेक मॅन्युअल गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये बरीच वर्षं चक्क इंजिन ऑइलच घालायला सांगितलं होतं, हे ऐकून आपला मिस्त्री डोक्याला हात लावेल. पण त्यात काहीच वेडेपणा नव्हता.

वेडेपणा खरं तर डिफरन्शियलमधून आला. १९२६ च्या सुमारास पॅकार्डने मागच्या अॅक्सलमध्ये हायपॉइड गिअर आणले. यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, म्हणून मधला लांब शाफ्ट खाली जातो आणि गाडी बुटकी, रुबाबदार होते. किंमत अशी की दाते नुसते लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत सरकतात. साधं तेल त्या दाबाखाली टिकत नाही, पिळून बाहेर फेकलं जातं आणि लोखंड लोखंडाला चिकटतं. उपाय रसायनशास्त्राने दिला. तेलात गंधक घाला (आधी शिशाचे क्षार आणि गंधक, पुढे गंधक आणि फॉस्फरस). दाते घासून गरम झाले की गंधक लोखंडाशी संयोग पावतं, दात्यावर पातळ कवच धरतं आणि ते कवच झिजतं, दाता नाही. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर जो उग्र, हाताला दोन दिवस चिकटून राहणारा वास येतो, तो या मंडळींचा.

काही काळ या कामी देवमाशांचाही बळी गेला. स्पर्म व्हेल या जातीच्या माशापासून, म्हणजे खरं तर सस्तन प्राण्यापासून, मिळणारं तेल गंधक घालून गिअर ऑइलमध्ये आणि अमेरिकन ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये वापरलं जायचं. १९७० साली अमेरिकेने या देवमाशाला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि तेल कंपन्यांची पळापळ झाली. पर्यायांच्या शोधात वाळवंटातल्या जोजोबा नावाच्या झुडपाचं नशीब उघडलं. आज तो शाम्पूच्या बाटलीवर दिसतो, पण त्याची पहिली प्रतिष्ठा गिअरमधली. असो.

तर इथे गोष्टीची खरी गोम आहे. मॅन्युअल गिअरबॉक्समधल्या तेलाला दोन मालक असतात आणि दोघांच्या मागण्या उलट. दात्यांना हवं असतं घट्ट, निसरडं, न तुटणारं तेल. सिंक्रोच्या रिंगला हवं असतं घर्षण. रिंग शंकूवर दाबली गेली की मधलं तेल क्षणात बाजूला पळायला हवं. म्हणून तिच्या आतल्या अंगावर बारीक आटे, खाचा कापलेल्या असतात, पावसाळी टायरच्या नक्षीसारख्या. तेल पळालं नाही तर रिंग नुसती तरंगते, वेग जुळत नाही, आणि दांडा 'थांब' म्हणत राहतो. म्हणजे गिअरबॉक्समध्ये सगळ्यात निसरडं तेल हे सगळ्यात चांगलं तेल नव्हे. हे वाक्य पटायला मला बराच वेळ लागला, कारण तेल म्हणजे निसरडेपणा हेच डोक्यात बसलेलं. बाइकवाल्यांना हे लवकर कळेल. आपल्या मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात, म्हणून जपानी मंडळींनी जासो एमए हा वेगळा शिक्का काढला: या तेलात क्लच घसरणार नाही. गाडीचं अतिनिसरडं इंजिन ऑइल बाइकमध्ये घातलं तर क्लच सटकू शकतो, तो याच भांडणातला.

आणि रिंग पितळेची, म्हणजे त्यात तांबं. गंधक आणि तांबं यांचं काय होतं हे आपल्या आजीला माहीत होतं. तांब्या-पितळेची भांडी काळी पडतात ती बऱ्याचदा हवेतल्या गंधकाने. चिंच लावून आपण घासतो तेव्हा तो थर काढतो आणि त्याबरोबर थोडा धातूही जातो. गिअरबॉक्समध्ये चिंचेचं काम दर वेळी गिअर टाकताना होतं.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या जीएल वर्गवारीत आज प्रत्यक्ष कामाचे दोन वर्ग आहेत, जीएल-४ आणि जीएल-५. आणि इथेच आपल्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांचा घात होतो. चार नंतर पाच, म्हणजे पाच हे नवीन व्हर्जन, अपग्रेड करा! तसं नाहीये. जीएल-५ हे हायपॉइड डिफरन्शियलच्या मारासाठी आहे, त्यात ते गंधक-फॉस्फरसचं मिश्रण ढोबळमानाने जीएल-४ च्या दुप्पट. जीएल-४ मध्ये कमी, कारण सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्सला तेवढी गरज नाही आणि सोसतही नाही. हे एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत, एकीवर दुसरी बसलेली नाही. आजची चांगली जीएल-५ तेलं पितळ पूर्वीसारखी खात नाहीत, हे मान्य. त्यांना तांब्याच्या पट्टीची चाचणी द्यावी लागते: घासून चकचकीत केलेली पट्टी गरम तेलात काही तास बुडवून ठेवायची आणि किती काळवंडली ते बघायचं. पण घर्षणाचा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणून कंपनीने जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये दुकानदार "हे त्याच्या पुढचं आहे" म्हणून जीएल-५ देत असेल, तर नम्रपणे बाटली परत करा. तेलात वाचलेले किंवा वाढवलेले पाचशे रुपये हा प्रश्नच नाही. रिंगा बदलायच्या म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवायचा, आणि त्या बिलात मजुरीचा आकडाच आधी डोळ्यांत भरतो.

आता सिंथेटिक. याचा इतिहास जवळजवळ सगळा थंडीचा इतिहास आहे. जमिनीतून निघालेल्या तेलात लहानमोठे, वेडेवाकडे सगळ्या तऱ्हेचे रेणू असतात आणि थोडं मेणही असतं. थंडीत ते मेण गोठायला लागतं आणि तेल चिकट होतं, डिसेंबरात खोबरेल तेलाच्या बाटलीचं होतं त्याचाच भाऊबंद. १९२९ च्या सुमारास अमेरिकेत स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियानाने एकसारखे रेणू जोडून तेल 'बनवायचा' प्रयत्न केला, बाजारात काही ते चाललं नाही. जर्मनीत हेर्मान झोर्न याने तेच काम पुढे नेलं आणि दुसऱ्या महायुद्धात, तेलाची टंचाई आणि रशियातली थंडी या दोन्हींमुळे, बनवलेलं तेल जर्मनांना उपयोगी पडलं. युद्धानंतर जेट विमानं आली, त्यांना तर खनिज तेल चालेचना. १९७२ मध्ये अमेरिकेत अॅम्सऑइलने मोटारींसाठी प्रमाणित सिंथेटिक इंजिन ऑइल आणलं, ते करणारा अल अॅमाटुझिओ हा जेट विमानांचा वैमानिक आणि राहणारा मिनेसोटाच्या बर्फातला. दोन अधिक दोन चार.

फायदा काय? एकसारख्या रेणूंचं तेल तापमानाबरोबर कमी बदलतं. गरम झाल्यावर फार पातळ होत नाही, गार झाल्यावर फार घट्ट होत नाही. याला व्हिस्कॉसिटी इंडेक्स म्हणतात: साध्या खनिज तेलाचा १०० च्या आसपास, सिंथेटिकचा १३० च्या वर. बाटलीवरच्या ७५डब्ल्यू-९० मधला मागचा ९० म्हणजे आपला जुनाच नव्वद नंबर, तापल्यावरचा. पुढचा ७५डब्ल्यू थंडीतला. ७५डब्ल्यूला उणे ४० अंशांपर्यंत परीक्षा द्यावी लागते, ८०डब्ल्यूला उणे २६ पर्यंतच. नाशिकला उणे काही होत नाही, पण निफाडला काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या खाली जातो आणि त्या पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणाऱ्या शेतकऱ्याची गाडीही तिथेच उभी असते. पाच अंशाला खनिज ८०डब्ल्यू-९० आणि सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० यांच्यात मोठा फरक पडतो. पातळ राहिलेलं तेल रिंगखालून पटकन पळतं आणि दुसरा गिअर पडतो. सगळं रहस्य एवढंच. 'निसरडं' असल्यामुळे नाही, 'पळतं' म्हणून.

म्हणजे माझ्या मते नाशिककराला सिंथेटिकचा फायदा डिसेंबर-जानेवारीत, सकाळी, पहिल्या काही किलोमीटरपुरता नक्की जाणवेल. गाडी तापली की दोन्ही नव्वद नंबरच. मे महिन्यात चाळीस अंशाला "काय मख्खन झालाय" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं जुनं तेल साठ-सत्तर हजार किलोमीटर बदललेलंच नसतं, त्यांना सिंथेटिकचा नाही तर ताज्या तेलाचा गुण आलेला असतो. आणि झिजलेली रिंग कुठलंही तेल भरून आणत नाही. शिवाय 'सिंथेटिक' हा शब्दही आता थोडा सैल झालाय. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांचं यावर भांडण झालं आणि जाहिरातींच्या पंचांनी निकाल दिला की खनिज तेलावर कडक प्रक्रिया करून केलेल्या तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल. तेव्हा शब्द नका बघू, आकडे बघा.

आणि आकडे गाडीच्या पुस्तिकेतले बघा, गावातले नकोत. आपल्या सातपूरला, महिंद्रच्या कारखान्यात जून २००२ मध्ये बाजारात आलेली स्कॉर्पिओ बनत होती आणि २००७ पासून रेनोबरोबरची लोगनही नाशिकमध्येच बनली. लोगनच्या फ्रेंच गिअरबॉक्सला लागतं ७५डब्ल्यू-८० तेल, नव्वदपेक्षा पातळ. नाशिकच्याच मातीत जन्मलेल्या या गाडीला कितीतरी गॅरेजांनी प्रेमाने 'नव्वद नंबर' पाजलं असेल, आणि मग मालकाने फ्रेंचांच्या नावाने बोटं मोडली असतील.

तरीही बदलायचंच असेल तर एक गोष्ट. गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात, खाली ड्रेनचा आणि बाजूला वर फिलरचा. आधी वरचा सुटतोय का ते बघा आणि मगच खालचा सोडा. उलट केलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर तेल जमिनीवर आणि गाडी जागेवर. बऱ्याच गाड्यांत खालच्या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी, मलमासारखा लेप दिसला तर काळजी नाही, ती दात्यांची नेहमीची झीज. मग निघालेलं जुनं तेल पसरट भांड्यात घेऊन उन्हात धरा. पितळ चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे ते तिथेच दिसतं, सोनेरी चमचम करत. ती चमचम जास्त असेल तर महागडी बाटली उघडायच्या आधी मिस्त्रीशी रिंगांबद्दल बोला.